पन्नाशीनंतर पहिली २०० ची बीआरएम: नोकरी आणि घर सांभाळून तयारी कशी करायची

पन्नाशी ओलांडलेली, तब्येतीनं बरी असलेली आणि रविवारी खडकवासल्यापर्यंत सायकल मारून येणारी माणसं मला सारखे दोनच प्रश्न विचारतात. या वयात २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, झेपेल का, आणि तयारीला वेळ कुठून आणायचा. हा लेख त्यांच्यासाठी. मी पुण्याची, वय ५७, अजून नोकरीत आहे, घरात ऐंशीच्या पुढच्या सासूबाई आहेत, त्यामुळे रोज पहाटे तीन तास सायकल चालवा टाइपचे प्लॅन मला कुणी सांगू नयेत आणि मीही इथे सांगणार नाहीये.

आधीच सांगून टाकते. वय वाढलं की जोराच्या दोन राइड्सच्या मध्ये शरीराला सावरायला जास्त वेळ लागतो, तिशीतला मुलगा दुसऱ्या दिवशी परत पळतो, आपल्याला दोन दिवस लागतात. म्हणजे आठवड्यात तीन दिवस सायकल पुरते, किंबहुना तेवढीच चालवावी. वेळ नाही ही एक रड आणि वय झालं ही दुसरी, पण दोन्हीचं औषध एकच निघतं, थोडं करायचं पण चुकवायचं नाही. बाकी सगळा तपशील.

पायरी १: बीआरएम काय असते ते नीट समजून घ्या

बऱ्याच जणांना वाटतं ही रेस असते, आणि तिथेच घाबरून माघार घेतात. रेस नाहीये. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब पॅरिसिअन, १९०४ सालचा, त्यांच्या नियमांनी जगभर या राइड्स होतात, आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या छत्राखाली गावोगावचे क्लब घेतात. २०० किमीला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. एका सीझनमध्ये, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, या चारही केल्या की सुपर रँडोनर. पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत, १३ तास २५ मिनिटांत पोचलेला आणि ८ तासांत पोचलेला दोघंही सारखेच. वयाची वरची मर्यादा नाही. मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणी, घ्यायची, मधल्या रस्त्यात घरच्यांनी गाडीतून पाणी-केळी देत बरोबर यायचं नाही, हे मात्र घरी आधीच समजावून ठेवा, आमच्याकडे ते समजवायला बराच वेळ गेला.

आता हिशोब. साडेतेरा तासांत २०० म्हणजे ताशी १५ च्या आतलाच वेग, पण त्यात थांबणं धरलेलं आहे. तुम्ही चालवताना सरासरी २० ठेवलीत तर १० तास सायकलवर आणि साडेतीन तास हातात. १८ ठेवलीत तर ११ तास ७ मिनिटं, हातात उरतात २ तास २३ मिनिटं. या वयाच्या माणसांची राइड पायांमुळे जाते त्यापेक्षा टपरीवर जास्त जाते असं माझं ठाम मत झालंय, चहा, मग गप्पा, मग फोटो, मग कुणाचा तरी पंक्चर बघत उभं राहणं, आणि पाऊण तास गेला. म्हणून वेग वाढवण्याच्या मागे लागण्याआधी थांबणं कमी करायला शिका, त्याला गुडघेही लागत नाहीत.

पायरी २: डॉक्टरकडे जाऊन या

हे टाळू नका, मग तुम्ही कितीही फिट असा. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, डॉक्टरला वाटलं तर टूडी इको, बीपी, एचबीएवनसी, हिमोग्लोबिन. आणि त्यांना चालायला जाते असं मोघम सांगू नका, स्पष्ट सांगा की दहा-बारा तास सायकल चालवायची आहे.

गोळ्या चालू असतील तर त्यांच्याबद्दल वेगळं विचारा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर असेल तर हृदयाचे ठोके नेहमीएवढे वर जात नाहीत, मग घड्याळातले हार्ट रेट झोन तुमच्यासाठी निरुपयोगी. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात पाणी लवकर कमी पडतं. डायबिटीसवाल्यांनी, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर झपकन खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, लांब राइडच्या दिवशी डोस काय ठेवायचा हे डॉक्टरकडून ठरवून घ्यायचंच, ग्रुपवर विचारून नाही. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर, यातलं काही झालं की तिथल्या तिथे उतरायचं आणि हॉस्पिटल गाठायचं.

डोळ्यांकडे कुणाचं लक्षच जात नाही. चाळिशीचा चष्मा असलेल्यांना मोबाइलवरचा रस्ता दिसत नाही, टायरमधला काटा तर अजिबात नाही, म्हणून वाचायचा स्वस्तातला एक चष्मा सायकलच्या बॅगेत कायम टाकून ठेवा. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांचे लाइट अंधारात फार त्रास देतात, ते तपासून घ्या. जानेवारीत राइड सकाळी ६ ला सुटली तर पहिला तासभर अंधार असतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या पुढे परत अंधार.

पायरी ३: सायकल आणि बसणं

नवीन महागडी सायकल लगेच घेऊ नका. चांगल्या हायब्रिडवर २०० आरामात होते. घ्यायचीच असेल तर सरळ हँडलवाली हायब्रिड किंवा मग थोडी उंच हँडलची एंड्युरन्स प्रकारची रोड बाइक, रेसवाली वाकून चालवायची नको, मान आणि कंबर दोन्ही तक्रार करतात. मी स्वतः पैसे कशावर घालीन तर गिअर. मागे ११-३४ कॅसेट (११ ते ३४ दात्यांच्या चकत्या) आणि पुढे पॅडलजवळ ३४ दात्यांची किंवा त्याहून लहान चेनरिंग असली की दिवे घाट गुडघे न रडवता चढता येतो, दुकानदार म्हणेल एवढा हलका गिअर कशाला, त्याचं वय विचारा. टायर २८ ते ३२ मिमीचे, आपल्या रस्त्यांना तेच बरे.

सीटची उंची हा गुडघ्यांचा खरा डॉक्टर. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली न्या, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, मग पुढचा चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. गुडघा पुढच्या बाजूला दुखतो तेव्हा बहुतेक वेळा सीट खाली असते, मागच्या बाजूला दुखतो तेव्हा जास्त वर. एकदम दोन इंच बदल करू नका, थोडं थोडं, आणि त्यावर दोन-तीन राइड करून बघा. शक्य असेल तर एकदा बाइक फिट, म्हणजे जाणकाराकडून सायकल आपल्या अंगाच्या मापाला बसवून, घ्या.

पाय अडकवायचे क्लिपवाले पॅडल पहिल्या वर्षी नकोत. सिग्नलला पाय सुटला नाही की माणूस उभ्या उभ्या आडवा होतो, विशीत हसण्यावारी जातं, साठीत मनगट किंवा खुबा मोडू शकतो. साधे फ्लॅट पॅडल आणि कडक सोलचे बूट बास.

पॅडवाली शॉर्ट घ्या आणि तिच्या आत काहीही घालायचं नाही, हे लाजेनं कुणी सांगत नाही आणि मग लोक शिवणींनी सोलवटून घेतात. बायकांनी बायकांसाठीची रुंद सीट बघावी. पुरुषांनी, ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांनी, मध्ये खाच असलेली सीट बघावी आणि डॉक्टरांना विचारावं. मांड्या उघड्या दिसतात म्हणून संकोच वाटत असेल तर वरून सैल थ्री-फोर्थ घाला, मी तेच करते, रस्त्यात देवळापाशी थांबलं की बरं पडतं.

पायरी ४: वेळ

आता मुद्द्याचं. मी बऱ्याच लोकांना हे करताना आणि अर्ध्यात सोडताना पाहिलंय, आणि सोडणारे थकून सोडत नाहीत, त्यांचं वेळापत्रक मोडतं. दहावी-बारावी, कुणाचं तरी ऑपरेशन, लग्नसराई, ऑफिसचं मार्चएंड, यातलं काही ना काही असणारच आहे, ते संपल्यावर सुरू करू म्हणाल तर ते संपत नाही.

पहिलं काम, एक आठवडा नुसतं लिहून काढा की सकाळी ५ ते रात्री १० तुमचे तास कुठे जातात. त्यात तीन फटी शोधायच्या, दोन तासा-तासाच्या आणि एक मोठी. बहुतेकांची मोठी फट रविवार सकाळ असते, पण नर्स, दुकानदार, रिक्षावाले, हॉटेलवाले यांची नसते, त्यांची मंगळवार किंवा गुरुवार असेल, काही बिघडत नाही. ती फट घरात सगळ्यांना माहीत हवी. फ्रिजवर कागद लावा. कुणी विचारलं रविवारी सकाळी येणार का, तर उत्तर ठरलेलं, नऊनंतर.

वेळ पहाटेच मिळतो, पण त्याची किंमत रात्री मोजायची असते, साडेचारला उठायचं तर साडेनऊला झोपायला हवं आणि मग सिरीयल, मॅच, व्हॉट्सअ‍ॅप यातलं काहीतरी जाणार. झोप कापून सायकल चालवायची नाही. पन्नाशीनंतर शरीर भरून निघतं ते झोपेतच, पाच तास झोपून केलेली राइड अंगी लागत नाही. रात्री उशीर झाला तर सकाळचा गजर बंद करा आणि झोपा, ती राइड गेली, तिची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करायची नाही.

तयारी आदल्या रात्री. हवा भरलेली, बाटल्या भरलेल्या, कपडे खुर्चीवर, लाइट चार्ज, केळं टेबलावर. सकाळी शोधाशोधीत वीस मिनिटं गेली की एक तासाची राइड चाळीस मिनिटांची होते, आणि खडखडाट करून घर उठवलं की पुढच्या आठवड्यात विरोध सुरू होतो.

ऑफिसला सायकलने जाता आलं तर त्यासारखं सोनं नाही. एका बाजूला १२ किमी असेल आणि आठवड्यात तीन दिवस गेलात तर ७२ किमी झाले, आणि त्यासाठी वेगळा वेळ फारसा गेलाच नाही कारण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडीनेही तेवढाच लागतो. कपड्यांचे दोन जोड सोमवारी डब्याच्या पिशवीबरोबर ऑफिसात नेऊन ठेवायचे, ओला टॉवेल, पावडर, झालं. रोज जमत नसेल तर फक्त येताना चालवा, सकाळी सायकल टेम्पोत किंवा गाडीच्या डिकीत. घरी येताना अर्धा तास लांबच्या रस्त्यानं यायचं, हे अर्धे तास महिन्याच्या शेवटी फार मोठे होतात.

ज्यांच्यावर घरातल्या आजारी माणसाची जबाबदारी आहे त्यांनी घरात ट्रेनर ठेवावा, म्हणजे मागचं चाक अडकवून जागच्या जागी चालवायचं स्टँड. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू, पण ४५ मिनिटं ट्रेनरवर म्हणजे रस्त्यावरच्या तासाभराएवढं काम होतं कारण उतार नाही, सिग्नल नाही. पावसाळ्यात तर उपयोगी आहेच. पंखा समोर लावा आणि खाली जुनी चादर टाका.

आणखी एक युक्ती मला फार आवडते. गावाला, नातेवाइकांकडे, मुंजीला, देवदर्शनाला जायचंय तर घरच्यांनी गाडीनं यायचं आणि आपण चार-पाच तास आधी सायकलने निघायचं, साताऱ्याला मावशीकडे जायचं तर पुण्याहून ११० च्या आसपास होतात. लांब राइडही होते आणि कुटुंबासोबतचा दिवसही, परत येताना सायकल गाडीच्या मागे. कपडे त्यांच्याकडे. साडी इस्त्रीची मिळते.

रिटायर झालेल्यांना वाटतं आपल्याला वेळच वेळ. उलट तेच जास्त अडकतात, कारण कधीही जाता येतं म्हटल्यावर ऊन होतं, मग बँकेचं काम निघतं, मग नातवाला शाळेतून आणायचं, आणि दिवस गेला. दुसरी टोकाची मंडळी रोज सकाळी ५० किमी करतात आणि दोन महिन्यांत गुडघा धरून बसतात. त्यांनीही तीनच दिवस ठरवावेत, ठराविक वेळेचे.

पायरी ५: आठवडा कसा असावा

मंगळवार, एक तास. त्यात चढ असू द्या. दहा-पंधरा मिनिटं वॉर्मअप, मग तीन-तीन मिनिटांचे चार-पाच जोराचे तुकडे, मध्ये आरामात. बोलताना दोन-तीन शब्दांच्या पुढे जाता येऊ नये एवढा जोर.

गुरुवार, एक तास, अगदी हळू. इतकं हळू की शेजारच्याला पूर्ण वाक्यात घरातलं भांडण सांगता यायला हवं. हे हळू चालवणं लोकांना जमत नाही, कुणी तरुण ओव्हरटेक करून गेला की अहंकार जागा होतो. जाऊ द्या त्याला.

रविवार, लांब राइड, तीही बहुतांश बोलता येईल अशा वेगात.

बुधवार आणि शुक्रवार घरी वीस मिनिटं व्यायाम, आणि हे ऐच्छिक नाहीये. सायकलिंगमध्ये हाडांवर वजन पडत नाही, त्यामुळे नुसती सायकल चालवून हाडं मजबूत होत नाहीत, आणि पाळी थांबलेल्या बायकांनी तर हे डोक्यात पक्कं ठेवावं. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, जिन्याची पायरी चढ-उतार, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक, आणि हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या किंवा डंबेल्स घेऊन खांद्याचे प्रकार. सोमवार आणि शनिवार सुट्टी.

सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची सवय लावा. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त येत असतील, चिडचिड होत असेल, जिना चढताना पाय जड असतील, तर त्या दिवशीची राइड कॅन्सल. तापात तर कधीच नाही.

एवढ्यानं खरंच फरक पडतो का असं वाटत असेल तर फ्रान्सच्या रोबेर मार्शाँ यांचं बघा. पासष्टी उलटल्यावर ते परत सायकलकडे वळले, २०१२ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी तासाभरात २४.२५ किमी काढले आणि २०१४ मध्ये १०२ व्या वर्षी २६.९२७ किमी. वाढले, कमी नाही झाले. त्या दोन वर्षांत त्यांच्यावर शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, त्यांचा बहुतेक सराव, म्हणजे सुमारे ८० टक्के, हलक्या जोराचा होता आणि उरलेला २० टक्के कठीण, आणि शरीराची ऑक्सिजन वापरायची क्षमता १३ टक्क्यांनी वाढलेली निघाली. आपण तर त्यांच्या निम्म्या वयाचे.

पायरी ६: सोळा आठवडे

जानेवारीतली राइड धरली तर सप्टेंबरच्या मध्याला सुरुवात करा. पाऊस ओसरत असतो आणि पुढे थंडी येते. रविवारचे आकडे असे:

पहिला महिना ४०, ५०, ६०, मग ४०.
दुसरा महिना ६०, ७०, ८०, मग ५०.
तिसरा महिना ९०, १००, ११०, मग ६०.
चौथा महिना १३०, १५०, ६०, आणि मग बीआरएम.

दर चौथा आठवडा मुद्दाम हलका आहे, साठीच्या पुढच्यांनी दर तिसरा करावा, त्यासाठी प्लॅन वीस आठवड्यांचा झाला तरी होऊ द्या. सरावात २०० करायची गरज नाही, १३०-१५० झाले की उरलेले पन्नास त्या दिवशी निघतात. एखाद्या आठवड्यात सलग पाच-सहा तास मिळतच नसतील तर शनिवारी ४० आणि रविवारी ६० असं तोडा, दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी चालवायची सवय तरी लागते, पण हे महिन्यातून एकदाच.

दिवाळीचा आठवडा आधीच सुट्टी म्हणून धरून टाका. चकल्या खा. लोक दिवाळीत राइड चुकली म्हणून अपराधी होऊन नंतर एकदम शंभर मारायला जातात आणि तिथे दुखापत होते.

पुणेकरांसाठी रस्ते: पानशेत जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास, दिवे घाट चढून सासवड-जेजुरी आणि परत साधारण शंभर, जुन्या हायवेनं लोणावळा आणि परत एकशेतीसच्या जवळ, त्यात घरी यायच्या आधी गावातल्या गावात वीस फिरलं की दीडशे. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, चुकूनही जाऊ नका. मुंबईवाल्यांना पहाटे पाम बीच रोड बरा पडतो, कोल्हापूरकरांना पन्हाळ्याचा चढ दारातच आहे, विदर्भात सपाटी छान मिळते पण ऊन लवकर तापतं, त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरचीच राइड बघावी.

पायरी ७: खाणं-पिणं

तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, एक मध्यम केळं म्हणजे साधारण २५. महागड्या जेलची गरज नाही. केळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की, गुळाची दशमी, उकडलेला बटाटा मीठ लावून. घड्याळात दर चाळीस मिनिटांचा गजर लावा आणि भूक असो नसो दोन घास खा. पाण्याचंही तेच, वय वाढलं की तहान उशिरा लागते, म्हणून तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाप्रमाणे कमी-जास्त. पण नुसतं पाणी ढोसत राहू नका, मीठ हवंच, ओआरएसचं पाकीट किंवा मीठ-साखर-लिंबू. नुसत्या पाण्यानं रक्तातलं सोडियम खाली जाऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. बीपी किंवा किडनीसाठी मीठ कमी सांगितलेलं असेल तर हे डॉक्टरला विचारून.

मिसळ राइड वेगळी आणि बीआरएम वेगळी. तर्री मारून पुढे ८० किमी जायचं नसतं. दुपारी दहीभात किंवा साधी इडली, ताक, बास. जे सरावात खाल्लं नाही ते त्या दिवशी पहिल्यांदा खायचं नाही.

पायरी ८: रस्त्यावर

हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, पुढे पांढरा आणि मागे लाल लाइट. मागचे दोन ठेवा, एक बंद पडला तरी कळत नाही. पंक्चर काढायला शिका, दुकानात बघून नाही, घरी हॉलमध्ये पेपर पसरून दोन-तीनदा मागचं चाक काढा, ट्यूब बदला, परत बसवा. बोटांत जोर कमी असेल तर टायर लिव्हर चांगल्या घ्या. दोन ट्यूब, पंप, मल्टीटूल, थोडी रोकड, आधार कार्डाची झेरॉक्स, आणि रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी रक्तगटासकट खिशात.

बीआरएमचा सीझन सुरू होतो तेव्हाच उसाचा गाळप हंगामही चालू असतो. संध्याकाळी दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर विनालाइट, विनारिफ्लेक्टर चाललेले असतात, कधी रस्त्यात बंद पडलेले असतात, आणि अंधारात ते शेवटच्या क्षणी दिसतात. पुढचा लाइट दणकट घ्या. हायवेला कडेच्या पट्टीतून चाला पण तिथे उलट्या दिशेनं येणारे बाइकवाले गृहीत धरा. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, दाबा-सोडा. कुत्री मागे लागली तर पळवायचा प्रयत्न या वयात नको, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा आणि चालत चला, बहुतेक वेळा त्यांचा रस संपतो.

बायकांसाठी, रस्ता आधी एकदा गाडीनं किंवा मॅपवर बघून कुठला पेट्रोल पंप आणि कुठलं मोठं हॉटेल बरं आहे ते लिहून ठेवा. टॉयलेट नको म्हणून पाणी कमी प्यायचं हा प्रकार आपल्याकडे फार आहे आणि तोच चक्कर यायला कारण होतो.

पायरी ९: त्या दिवशी

२०० चे चार पन्नास करा. पहिले पन्नास मुद्दाम हळू, सगळे जण सुटल्यासुटल्या पळतात, तुम्ही मागे राहा, दुपारी त्यातले बरेच तुम्हाला टपरीवर भेटतील. कंट्रोलवर गेलं की आधी ब्रेव्हे कार्डवर, म्हणजे राइडच्या नोंदीच्या कार्डावर, शिक्का-सही, मग पाणी, मग खाणं, मग बाथरूम, आणि बसायचं असेल तर घड्याळ बघून. दहा मिनिटांचे चार-पाच थांबे आणि जेवणाचा अर्धा तास, एवढंच बजेट. बसल्यावर गुडघे आखडतात, त्यामुळे उभ्यानं खाल्लेलं बरं.

१२० ते १६० हा पट्टा वाईट असतो. ऊन डोक्यावर, समोरून वारा, हात बधिर, आणि मनात येतं की या वयात हे कशाला. त्यावर उपाय म्हणजे हलका गिअर, दोन खजूर, आणि पुढचं गाव एवढाच विचार. हात बधिर होत असतील तर कोपर सैल सोडा, पकड बदला.

सोडायची वेळ आली तर सोडा, पण आयोजकांना फोन करून सांगा की मी थांबतेय, नाहीतर बिचारे रात्री तुम्हाला शोधत बसतात. डीएनएफ, म्हणजे राइड पुरी झाली नाही असा शेरा, लागलं तरी पुढच्या महिन्यात दुसरी राइड असतेच. परतीची सोय, म्हणजे घरून कोण गाडी घेऊन येईल किंवा सायकल टेम्पोत कशी टाकायची, हे निघायच्या आधी ठरलेलं असलं की निर्णय शहाणपणानं घेता येतो.

पायरी १०: नंतर

दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाका, नाहीच मिळाली तर किमान सायकलने जाऊ नका. दोन दिवस फक्त चालणं, मग हलकी राइड, आणि पुढचे दहा दिवस तरी जोराचं काही नाही. घरच्यांनी चार महिने तुमच्या रविवारची किंमत दिलेली असते, पुढचे दोन रविवार त्यांचे.

३०० चा विचार डोक्यात येणारच. त्यात पायांचा प्रश्न फारसा नवीन नाही, पण २० तासांत रात्रीचे बरेच तास येतात, म्हणून आधी कुणाला तरी सोबत घेऊन रात्री साठ-सत्तर किमी चालवून बघा, लाइटची बॅटरी खरंच किती तास टिकते ते मोजा, बॉक्सवर लिहिलेलं धरू नका, आणि झोप येते तेव्हा तुमचं काय होतं ते ओळखून घ्या. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, ती फ्रान्समधली १२०० किमीची ९० तासांची राइड, चार वर्षांनी एकदा असते, मागची २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला, आणि तिथे जायचं तर त्याच वर्षी सुपर रँडोनर पूर्ण करावं लागतं. म्हणजे ज्यांना तशी हौस असेल त्यांनी ऑफिसची मोठी सुट्टी आणि घरातली लग्नं यांच्या तारखा आतापासून बघायला घ्या.